कंट्रोलरांची झोप

कुणाला शेजारणीच्या पाटल्यांचा हेवा वाटतो, कुणाला जावेच्या सुनेचा. मला एका पेन्शनर माणसाच्या घोरण्याचा वाटला. थोडाथोडका नाही, चांगला पोटात दुखेपर्यंत वाटला. आता बदली झाली, ते घर सुटलं, तरी कुठे कोणी घोरताना ऐकलं की मला ते आठवतात आणि आधी कपाळाला आठी पडते. माया नंतर वाटते.

ते माझे घरमालक. रत्नागिरीत कुवारबावला त्यांचं दुमजली घर. खाली ते आणि काकी, वर मी भाड्याने. मी शाळेत भूगोल शिकवते. यजमान मुंबईला नोकरीला, त्यामुळे वरच्या दोन खोल्यांत मी एकटीच. खाली मात्र सगळं जोडीनं चालायचं. चहा जोडीनं, बाजार जोडीनं, भांडणसुद्धा जोडीनं. त्याचाही मला हेवा वाटायचा, पण तो किरकोळ धरावा. मुख्य झोपेचा.

आळीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे कंट्रोलर म्हणत, अगदी पोस्टमनसुद्धा. एसटी स्टँडवर त्यांनी आयुष्य काढलं. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागेल, कधी सुटेल, उशीर आहे का, हे माइकवरून सांगायचं, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर माइक गेला, पण सवय गेली नाही. काकी भात वाढायला लागल्या की ते आतूनच सांगत, "आमटी फलाटाला लागल्याशिवाय भात सोडू नको." पाहुणे निघाले की "या पुन्हा" म्हणण्याऐवजी "सुटा आता" म्हणत. नवीन माणूस रागावायचा. आम्हाला सवय झाली होती.

माणसं त्यांच्या लक्षात चेहऱ्याने राहत नसत, मार्गाने राहत. मी खोली बघायला गेले तेव्हा पहिला प्रश्न आला, "बाई, गाव कंचा तुमचा?"

"सावर्डे."

"म्हंजे चिपळूण गाडी. हायवेवरची माणसं तुमी. गाडीमागं कधी धावला नसाल." मग काकींकडे बोट दाखवून म्हणाले, "ही बुरोंडीची. शेवटच्या थांब्यावरची. म्हणून हिला उतरायची घाई नाय."

काकी म्हणाल्या, "ह्यांच्या गाडीत बसलंय खरी, आता उतरून जायाचा तरी कुठं?" आणि मला खोली मिळाली.

सुरुवातीला आमची गट्टी जमली ती न झोपण्यावर. त्यांनी उभी हयात पाळ्या केल्या, कधी दिवसाची, कधी रात्रीची. त्यामुळे निवृत्तीनंतर झोप म्हणून ठरलेल्या जागी यायलाच तयार नव्हती. मला का येत नव्हती ते मी कुणाला सांगत नसे. ऍसिडिटी म्हणायचे. सकाळी पाण्याच्या मोटारीपाशी आम्ही भेटायचो. ते डोळे वर करून विचारायचे, "किती?"

"नावाला."

"माझी पण नावालाच."

एवढ्या बोलण्याने मला केवढा आधार वाटायचा! घरात आपल्यासारखा आणखी एक करंटा आहे, हे सुख ज्याला झोप येते त्याला कळायचं नाही. त्यांनी जायफळ करून बघितलं, मी तळपायांना खोबरेल करून बघितलं. रविवारी विहारातून कुणी ना कुणी त्यांच्याबरोबर चहाला येई आणि ध्यानाला बसायला सांगे. त्यावर ते म्हणायचे, "ध्यानाला बसलो की झोप येते आणि झोपायला गेलो की ध्यान लागतं. दोन्ही गाड्या चुकीच्या फलाटावर लागतायत." आम्ही दोघं मनापासून हसायचो. तेवढ्या काळात मला त्यांच्याबद्दल काहीच वाईट वाटत नव्हतं.

मग त्यांची लेक कोल्हापूरहून आली आणि घात झाला. ती नर्स. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणे, की एवढ्यात गोळी नको, आधी मोबाइलवरचा हा उपचार पुरा करून बघा. तिने बापाच्या मोबाइलमध्ये ते ऍप टाकून दिलं. त्यात गाणी नव्हती, पावसाचे आवाज नव्हते. झोपेबद्दलच्या आपल्या सवयी आणि आपले विचार दोन्ही बदलायचे, असं त्याचं म्हणणं. रोज सकाळी ते विचारणार, किती वाजता आडवे झालात, कधी डोळा लागला, किती वेळा उठलात. आणि त्यावरून हुकूम सोडणार.

हुकूम म्हटल्यावर आमचे कंट्रोलर ताठ बसले. ऍपला त्यांनी "हेड ऑफिस" असं नाव दिलं आणि त्या दिवसापासून घरात हेड ऑफिसचं राज्य आलं.

पहिला हुकूम, झोप येत नसताना बिछान्यावर पडून राहायचं नाही. उठायचं, दुसऱ्या खोलीत जायचं, डोळे जड झाल्यावरच परत यायचं. दुसरा हुकूम, बिछान्यावर एरवी बसायचंसुद्धा नाही. त्यांनी कॉटच्या भोवती सुतळी बांधून टाकली. काकी दिवसा कपड्यांच्या घड्या करायला कॉटवर टेकल्या की बाहेरून आवाज यायचा, "यार्डात प्रवाशांना मनाई आहे."

तिसरा हुकूम घड्याळाचा. रात्री घड्याळ बघायचं नाही. हा त्यांच्या मुळावरच आला. ज्या माणसाने जन्मभर घड्याळाकडे बघून श्वास घेतला, त्याने भिंतीकडे पाठ करून कसं झोपावं? पण हुकूम तो हुकूम. दुसऱ्या दिवशी काकी कपाळाला हात लावून वर आल्या.

"बाई, ह्यांनी भिंतीवरचा घड्याळ तांदळाच्या पिंपात पुरून ठेवलानी. भात टाकायला गेलंय तर आतनं टिकटिक."

आणि चौथा हुकूम, दुपारची झोप बंद. आता रत्नागिरीत राहून दुपारी झोपायचं नाही म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. माशाचं जेवण झालं की इथे दुकानं मिटतात, कुत्री पेंगतात, माडसुद्धा हलायचे थांबतात. त्या सामसूम आळीत हा एकटा माणूस छत्री घेऊन उन्हात फिरायचा. झोप येऊ नये म्हणून ओळखीच्या दारावर टकटक करून चौकशी करायचा, "सगळं ठीक?" माणसं बनियनवर बाहेर यायची आणि दात खात आत जायची. कुणाची रिक्षा दिसली की हे मागे उभे राहून ती वळवून द्यायचे. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास!" रिक्षावाला बिचारा वळवत नसायचा, पानाला थांबलेला असायचा.

पहिले काही दिवस त्यांची अवस्था बघवत नव्हती. हेड ऑफिसने बिछान्यातली वेळच कापून टाकली होती. जेवढी खरी झोप लागते तेवढाच वेळ आडवं व्हायचं, बाकी जागं. ते उभ्या उभ्या जेवायला लागले, बसले तर डुलकी येईल म्हणून. मी तोंडाने अरेरे म्हणत होते आणि आतून मला बरं वाटत होतं. म्हटलं, चला, ही नाटकं आणखी आठवडाभर. मग पुन्हा मोटारीपाशी आपली जुनी जोडी.

तसं झालं नाही. एका रात्री खालून आवाज यायला लागला. आधी मला वाटलं काकी. काकींचं घोरणं माझ्या ओळखीचं होतं, मांजरीसारखं, लाजत लाजत. हे वेगळं होतं. डिझेलची गाडी चढाला लागल्यासारखं, दमदार, थांब्यागणिक श्वास घेणारं. सकाळी मोटारीपाशी ते तुकतुकीत चेहऱ्याने उभे होते.

मी विचारलं, "किती?"

त्यांनी मोबाइलच पुढे केला. त्यात हिरवी रेघ वर गेलेली आणि खाली लिहिलेलं, "अभिनंदन!"

मीही हसून अभिनंदन म्हटलं आणि वर जाऊन दार आपटलं. काय सांगू, माझ्या आयुष्यात मी कुणाच्या दागिन्याकडे, कुणाच्या बंगल्याकडे वाकडा डोळा करून बघितलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीचं घर समुद्रासमोर आहे, तरी मला कधी काही वाटलं नाही. पण हा माणूस झोपला, मला एकटीला टाकून झोपला, हे मला सहन होईना. आम्ही दोघं एका बाकावर बसलेलो, आणि ह्यांची गाडी आली, हे चढले, खिडकीतून हातसुद्धा केला नाही! त्यांची झोप मोडावी म्हणून मी नवस बोलले नाही, एवढंच.

तेव्हाच मी गुपचूप तेच ऍप माझ्या मोबाइलमध्ये घेतलं. ते चारही हुकूम पाळले. घड्याळ कपाटात, दुपारची झोप बंद, बिछान्यावर वह्या तपासणं बंद. माझी रेघ मात्र जमिनीला चिकटून बसली होती. जन्मभर मुलांना मार्क देणारी मी, रोज सकाळी ते ऍप माझी समजूत घालायचं, "प्रयत्न सुरू ठेवा." शेवटच्या बाकावरच्या पोराच्या वहीत मीही हेच लिहिते. त्याला काय वाटत असेल ते मला तेव्हा कळलं.

आमच्या दोघांच्या मोबाइलची घंटी एकाच वेळी एकाच सुरात वाजली, तेव्हा माझी चोरी पकडली गेली. कंट्रोलर जिन्यातून वर बघत म्हणाले, "बाई, तुमी पण हेड ऑफिसला का?"

"बघतेय आपली."

"काळजीची वेळ ठेवलीत का?"

तो पाचवा हुकूम. त्यांना झोप आली ती त्याच्यामुळे आणि मी तो पाळत नव्हते म्हणून मला येत नव्हती, असं त्यांचं मत होतं. रात्री आडवं झाल्यावर मनात काळज्या येतात, म्हणून संध्याकाळीच थोडा वेळ राखून ठेवायचा, त्या वेळात काय त्या काळज्या नोंदवून टाकायच्या आणि मोकळं व्हायचं. मग रात्री एखादी आली तर तिला सांगायचं, उद्या संध्याकाळी ये. ऍपचं म्हणणं असं, की हे एकट्याने, शांतपणे, मनाशी करावं. पण कंट्रोलरांना मोबाइलवर लिहिता येत नव्हतं. लेकीने त्यांना माइकचं चिन्ह दाखवून ठेवलं होतं, इथे दाबा आणि बोला. माइक! किती वर्षांनी त्यांच्या हातात माइक आला होता.

ते संध्याकाळी चहा झाला की शर्टाचं वरचं बटण लावून पडवीत उभे राहायचे, मोबाइल तोंडापुढे धरायचे आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू करायचे, "लक्ष द्या. मुलीच्या बदलीची काळजी, कोल्हापूरहून रत्नागिरीकडे येणारी, मार्गे वरिष्ठांची मर्जी, अनिश्चित काळ उशिराने धावत आहे. प्रवाशांनी फलाटावर गर्दी करू नये." मग, "घरच्या मंडळींच्या गुडघ्याची काळजी, सर्व थांबे घेणारी, फलाटाला लागलेली आहे." मग, "माडाचे नारळ उतरवायला माणूस मिळत नसल्याची काळजी आज सुटणार नाही." प्रत्येक काळजी दोनदा सांगायची, तसा नियमच. सगळ्या सोडून झाल्या की बटण काढून ते खुर्चीत बसायचे, अंगावरचं ओझं उतरल्यासारखे.

आणि रात्री? रात्री चुकून एखादी काळजी आलीच, तर काकी सांगायच्या, हे अंधारात स्पष्ट आवाजात म्हणायचे, "चौकशी खिडकी बंद आहे." आणि कूस बदलून घोरायला लागायचे.

आधी आळी हसली. मग आळी यायला लागली. मिरकरवाड्याहून मासे घेऊन येणारी बाई एक दिवस रिकामी पाटी पायरीवर ठेवून म्हणाली, "कंट्रोलर, माझी पन एक सोडा हो. पोरगा बोटीवर गेलाय. फोन लागत नाय."

"बोर्ड सांग."

"कसला बोर्ड?"

"बोर्ड नसलेली गाडी मी सोडत नाय. कशाची काळजी? बोटीची, पोराची, का आणखी कशाची?"

ती पदर कमरेला खोचत विचारात पडली. मग एकदम म्हणाली, "सुनंची. पोरगा घरात नसला की ती माझ्याशी बोलत नाय. घर खायला उठतं."

"आता बरोबर," कंट्रोलर म्हणाले आणि त्यांनी तसं जाहीर केलं. ती हसत हसत पाटी उचलून गेली. दुसऱ्या दिवशी तिने काकींना चार बांगडे जास्त घातले, आणि मला नेहमीएवढेच. हेही माझ्या लक्षात राहिलं आहे.

मला वाटलं, आपणही सोडून बघू. मी खाली गेले आणि म्हटलं, "सहामाहीचे पेपर तपासायचे राहिलेत, त्याची काळजी."

त्यांनी मोबाइल तोंडाशी नेला, थांबले, परत खाली घेतला. "ही रिकामी गाडी हाय, बाई. आत माणूस नाय."

मला राग आला. मी म्हटलं, "नसेल तर नसेल." त्यांनी आग्रह केला नाही. मी वर गेले आणि त्या रात्री खालचं घोरणं ऐकत पडले. खरं तर पडायचं नव्हतं, उठायचं होतं. तोही हुकूम मोडला.

माझ्या गाडीचा बोर्ड मला पाठ होता. लग्नानंतर यजमान दर महिन्याला यायचे. रात्रीच्या गाडीने मुंबईहून निघायचे आणि पहाटे दारात. कळवायचे नाहीत, माझी गंमत करायला आवडायचं त्यांना. म्हणून मी पहाटेपर्यंत सावध झोपायला शिकले. जिन्यावर पाऊल वाजलं, की कडी वाजायच्या आत दार उघडायचं, ही माझी गंमत. पुढे ते शिमग्याला आणि गणपतीला येऊ लागले, मग नुसते गणपतीला. मग कारणं येऊ लागली. रजा नाही, कंपनीत माणसं कमी, गर्दीत तिकीट मिळत नाही. रविवारी फोन मात्र नेमाने. मी काही विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून उत्तर मिळालं नाही, आणि माझे कान पहाटेच्या जिन्याला लागलेले ते लागलेलेच राहिले. जायफळ याला काय करणार?

त्याच सुमारास एकदा काकी मागच्या दारी फणसाच्या आठळ्या सोलत बसल्या होत्या. मी मदतीला बसले. बोलता बोलता मी म्हटलं, "काकांना बरी लागते हो झोप." माझा सूर त्यांनी ओळखला असावा.

"त्यांना लागणारच. त्यांनी कधी कुणाला खोटा सांगितला नाय," काकी म्हणाल्या आणि त्यांनी मला देवरूखच्या गाडीची गोष्ट सांगितली. एकदा तिकडची शेवटची गाडी वाटेत बंद पडली. स्टँडवर माणसं ताटकळलेली. बरोबरचा कारकून म्हणाला, उशीर आहे म्हणून सांगत राहा, कंटाळून जातील आपोआप. रद्द म्हटलंत तर अंगावर येतील. कंट्रोलरांनी आधी फोन लावून खात्री करून घेतली आणि माइकवर सरळ सांगितलं, गाडी रद्द. लोक खरंच अंगावर आले. एका म्हातारीने तर बोटं मोडून शिव्याशाप दिले. पुढच्या बाजाराला तीच म्हातारी काजूगर घेऊन आली. म्हणाली, "तू सांगितलास म्हणून मी भाचीकडं वस्तीला गेलंय. नायतर रात्रभर त्या बाकावर बसून मेलंय असतंय."

"तेव्हापासून ह्यांचा एकच सांगणा," काकी म्हणाल्या. "बसलेला माणूस कुणी सांगितल्याशिवाय उठत नाय."

मी आठळ्या सोलत राहिले. काकींना काय माहीत होतं आणि काय नव्हतं, ते मी आजही सांगू शकणार नाही.

गणपती जवळ आले. आळीत घरोघरी मुंबईची माणसं येणार म्हणून गाद्या उन्हात पडल्या. मीही घातली. शेजारीण म्हणाली, "येतायत वाटतं?" मी म्हटलं, "येतीलच." आणि तिच्या गच्चीवरच्या चार गाद्यांकडे बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हेव्याचंच ते, दुसरं कसलं?

त्या संध्याकाळी कंट्रोलर पडवीत बटण लावत होते. मी जिना उतरून त्यांच्यासमोर उभी राहिले.

"काका, एक सोडायची आहे."

"बोर्ड?"

"मुंबई–रत्नागिरी."

त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. "जाणारी का येणारी?"

"येणारी."

"तिथनं सुटली काय?"

"माहीत नाही."

"मग मी काय जाहीर करू, बाई?" ते हळू आवाजात म्हणाले. "आमी अंदाजानं गाडी रद्द करत नाय. उशीर पण सांगत नाय. आधी तिथल्या डेपोला फोन करायचा. विचारा."

काकी आतून येऊन चौकटीला टेकल्या होत्या. मी तिथेच, पडवीच्या पायरीवर बसून फोन लावला. रविवार नव्हता. त्यामुळे ते गोंधळले.

"काय गं, काय झालं?"

"गणपतीला येताय?"

"बघतो. रजेचं जरा..."

"गणपतीचं राहू दे. घरी परत येणार आहात का?"

तिकडे कुकरची शिटी झाली. मग एका बाईचा आवाज आला, अगदी घरातला, "कोणाचा फोन?" आणि यजमान म्हणाले, "ऑफिसचा."

त्यांनी मोबाइलवर हात ठेवला असावा, पण नीट ठेवला नाही. मी ऑफिसचा फोन झाले होते. त्या बाईला मी कधी बघितलं नाही. पण तिचा आवाज अजून कानात आहे. दुपारी निवांत झोपून उठलेल्या बाईचा आवाज होता तो, जडसर, समाधानी, कुणाची वाट न बघणारा. खाली काकांचं घोरणं ऐकून मी जळायचे ते कशाला, हे मला तिथे त्या पायरीवर समजलं.

"नाही ना येणार?" मी विचारलं.

ते म्हणाले, "नाही."

"बरं," मी म्हटलं आणि फोन बंद केला.

कंट्रोलर माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "सुटली नाही. सुटणारही नाही."

त्यांनी विचारपूस केली नाही, समजूत घातली नाही. हातातला मोबाइल खुर्चीवर ठेवून दिला. हेड ऑफिसला त्यात घेतलंच नाही. नुसती मूठ तोंडापुढे धरली, ताठ उभे राहिले आणि नोकरीतला तो जुना आवाज काढला. आळीत कुठे टीव्ही चालू होता तो मला ऐकू येईनासा झाला.

"लक्ष द्या. मुंबईहून रत्नागिरीकडे येणारी गाडी रद्द करण्यात आलेली आहे. या गाडीसाठी थांबलेल्या प्रवाशांनी आता थांबू नये. प्रवाशांच्या झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

नियमाप्रमाणे त्यांनी ते दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी मी रडत होते. इतक्या वर्षांत दिलगीर आहे असं मला कुणी म्हटलं नव्हतं. नवऱ्याने नाही, सासूने नाही, हे स्थळ आणणाऱ्या माझ्या मामानेही नाही. ज्याचा यात काडीचा दोष नाही अशा माणसाने ते मूठ तोंडाशी धरून, उभ्या आळीला ऐकू जाईल असं म्हटलं. काकींनी मला उठवून आत नेलं आणि पेज दिली. गादी कोणी वर आणून टाकली मला माहीत नाही.

मला जाग आली ती दारावरच्या धडधडीने. ऊन थेट पायांपर्यंत आलेलं. काकी बाहेरून हाका मारत होत्या. मुंबईच्या गाड्या पहाटे आल्या असतील, आळीतले जिने वाजले असतील, बॅगा ओढल्या असतील. मी काही ऐकलं नव्हतं. कडी काढली तेव्हा काकींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि त्या घाम पुसत म्हणाल्या, "बाय माझी! मला वाटला काय झाला नि काय नाय. खाली चला, चहा ठेवलाय. आणि हळू बोला. ह्यांचा डोळा लागला नाय रात्रभर. चौकशी खिडकी उघडीच ठेवलानी."

मी खाली गेले. कंट्रोलर पडवीत बसले होते. डोळे तांबारलेले, दाढी तशीच. त्या दिवशी त्यांची हिरवी रेघ कुठे गेली असेल ते विचारायचं कारण नव्हतं.

"किती?" त्यांनी विचारलं.

मी ऍपमध्ये वेळा भरल्या आणि मोबाइल पुढे केला. त्यांनी चष्मा लावून बघितलं, मोबाइल लांब धरून बघितलं, मग जवळ आणून.

"एवढी?"

"एवढी."

"मधे उठणं नाय?"

"नाही."

"पाणी प्यायला पण?"

"नाही."

त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि तोंड वळवून आळीकडे बघत बसले. म्हणाले, "पयल्याच झटक्याला एवढी मला नव्हती लागली."

आता बाकी कुणाला तो सूर कळला नसता. काकींनाही कळला नाही. पण मला तो ओळखायला वेळ लागला नाही. मी त्याच सुरात महिनेच्या महिने काढले होते. त्यांना माझा हेवा वाटत होता. मी काकींच्या हातातून चहाचा कप घेतला, त्यांच्या समोरच्या खुर्चीवर ऐसपैस बसले, आणि तोंडावर हात न धरता त्यांच्या देखत एक लांबलचक जांभई दिली.